तीन ठिपक्यांची फळी

डहाणू,
२२ सप्टेंबर २०२४

आदरणीय कुसुमबाई,

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, असं झाईच्या बसमध्ये भेटलेल्या तुमच्या शेजारणीने सांगितलं. म्हणून पत्र लिहितेय. दहावीच्या पेपरात मामाला लिहिलं होतं, त्यानंतरचं हे पहिलंच.

मी शितल, झरीची. दहावी 'ब', खिडकीजवळचा बाक. आळूच्या पानावर पाणी का ठरत नाही, असं सलग तीन दिवस विचारून तुम्हाला भंडावलं होतं ती. बाई, मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली. आईने निकालाच्या कागदाला हळदकुंकू लावलं. ते आता निघत नाही आणि नोकरीच्या मुलाखतीला मला तोच कागद न्यावा लागला.

जुलैपासून मी इथे एका फुग्यांच्या कारखान्यात आहे. नोकरी नवशीमावशीमुळे मिळाली. नवशीमावशी म्हणजे आईची सख्खी बहीण, सायवनला दिलेली. अठरा वर्षं ती या कारखान्यात साचे धुते. तिनेच मालकांना, भावेशभाईंना, सांगितलं की माझी भाची शिकलेली आहे, तुमच्या त्या बाटल्यांवरचं तिला वाचता येईल. कारखान्यामागे मावशीची खोली आहे, तिथेच मी राहते.

फुगा कसा होतो ते तुम्हाला आवडेल. केरळहून ड्रममधून रबराचा चीक येतो, दुधासारखा पांढरा. त्यातल्या पाण्यात रबराचे बारीक कण तरंगत असतात. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना लांब ठेवतात आणि चीक पातळ राहतो. मावशीला हे समजावलं तर ती म्हणाली, "म्हणजे एका घरातल्या चार जावा." अगदी तसंच. मग चिनी मातीचे साचे कॅल्शियमच्या क्षाराच्या पाण्यात बुडवून सुकवायचे आणि त्यानंतर चिकात बुडवायचे. कॅल्शियमचा धनभार कणांचा ऋणभार मोडतो, जावांचं भांडण मिटतं आणि साच्यावर रबराची कातडी धरते. भाजून, पावडर लावून सोलली की झाला फुगा.

पण साचा स्वच्छ हवा. ते काम मावशीचं आणि आणखी पाच बायकांचं. साचे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुवायचे, साध्या पाण्यातून काढायचे आणि एकेक हाताने फळीवर उलटा बसवायचा. फळीवर साठ साचे मावतात. प्रत्येकीच्या फळीला तिची खूण आहे. मावशीच्या फळ्यांवर तीन लाल ठिपके.

बाई, पहिल्याच आठवड्यात मी एक सुधारणा केली. धुण्याचं पाणी मला फार सौम्य वाटलं. अल्कलीत चिनी मातीचा पृष्ठभाग जास्त ऋणभारित होतो आणि त्यावर पाणी छान पसरतं, असं मी वाचलं होतं. म्हणून टाकीत अर्ध्या किलोऐवजी एक किलो कॉस्टिक टाकायला सांगितलं. भावेशभाईंनी लगेच ऐकलं. माझं कोणीतरी ऐकलं, याचा मला इतका आनंद झाला की मावशीने त्या दिवशी बोंबील आणले आणि मी जेवताना बोलतच राहिले.

आता अडचण. ऑगस्टच्या शेवटापासून फुग्यांना बारीक भोकं पडताहेत. दिसत नाहीत, पण फुगवला की पाच मिनिटांत फुगा मान टाकतो. शंभरातले तीस असे. एक मोठी ऑर्डर परत आली. भावेशभाई म्हणतात, बायका निष्काळजी झाल्या. मला म्हणाले, "शितलबेन, कारण शोध. नाहीतर मी धुण्याच्या सगळ्या बायका बदलतो." माझंही डिसेंबरपर्यंत बघणार आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवणार.

बायकांवरचा आळ खोटा आहे हे मला सिद्ध करायचंय. विज्ञानाने ते होईल, अशी माझी खात्री आहे. सुरुवात कुठून करू?

तुमची विद्यार्थिनी,
शितल


झाई,
२९ सप्टेंबर

शितल,

खिडकीजवळच्या बाकावरच्या मुली माझ्या लक्षात राहतात. त्या वर्गात कमी आणि बाहेर जास्त असतात. यंत्र कपाटात आहे हे खरं. ते लावलं की पंखा, भांडी आणि पुतण्याचं चिकूच्या भावावरचं भाषण, सगळं एकाच आवाजात ऐकू येतं. त्यापेक्षा पत्र बरं. त्यातलं भाषण मला घडी घालून ठेवता येतं.

भोक शोधत बसू नकोस. भोक म्हणजे तिथे काही नाही, त्याच्याकडून काय कळणार? साचा बघ. धुतलेला साचा स्वच्छ पाण्यात बुडव आणि अगदी सावकाश वर काढ. अंगावर पाण्याची चादर अखंड राहिली तर साचा स्वच्छ आहे. जिथे चादर फाटून पाणी मागे सरतं, तिथे काहीतरी लागलेलं आहे. तुझं आळूचं पानच ते. फाटलेल्या जागेचा आकार कागदावर काढ. दिवस, वेळ, फळीची खूण, सगळं लिही. आठवेल म्हणून सोडू नकोस, आठवत नसतं.

आणखी एक. कारण शोधणं हे एक काम, कोणाला सोडवणं हे दुसरं. तू दोन्ही एकदम करायला निघाली आहेस. पाणी कोणाची बाजू घेत नाही. उत्तर तुला नको असलेलं निघालं तर काय करशील, याचा विचार साचा बुडवायच्या आधी कर.

नवशीच्या जावा मला फार आवडल्या. तीस वर्षं शिकवलं, मला हे सुचलं नाही.

कुसुम


डहाणू,
१३ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

तुमची युक्ती लागू पडली. आठ दिवसांत सहाशे साचे बुडवून पाहिले. बहुतेकांवर चादर अखंड राहिली, एकशे चौऱ्याऐंशी साच्यांवर फाटली. फाटण्याचा आकार सगळीकडे सारखाच, लांबट आणि एका टोकाला रुंद. तीन दिवस मी तो नुसता काढत होते. चौथ्या दिवशी कागद भिंतीला लावून मागे सरले, तेव्हा दिसलं की तो अंगठा आहे.

साचा फळीवर बसवताना जिथे धरतात, बरोबर तिथेच. धुऊन झाल्यानंतर हाताचं तेल साच्याला लागतं. तेवढ्या जागी कॅल्शियमचं पाणी ठरत नाही, म्हणून चीक धरत नाही. तिथे रबर विरळ राहतं आणि भोक पडतं. सगळं जुळलं.

मी दोन पानी अहवाल लिहिला, आकृत्यांसकट. 'साचे धुतल्यानंतर ते हाताळणाऱ्याच्या हातावरील तेलामुळे दोष निर्माण होत आहे.' भावेशभाईंनी तो दोनदा वाचला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, तू तर डॉक्टर निघालीस." डिसेंबरची काळजी करू नकोस, असंही म्हणाले.

कोणाचे हात ते मात्र नक्की सांगता येत नाही. बऱ्याच फळ्या एकत्र झाल्या होत्या.

बाकी इथे ठीक. भातकापणीला झरीला जाऊन येईन. तुमच्या मार्गदर्शनाबद्दल मी ऋणी आहे.

शितल


झाई,
१९ ऑक्टोबर

शितल,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा शाबासकी दिली. अंगठा ओळखलास ते खरंच चांगलं. दुसऱ्यांदा लाल पेन शोधलं.

आधीच्या पत्रात ओळीआड मावशी होती. या पत्रात ती एकदाही नाही. आणि आठ दिवस सहाशे साच्यांची नोंद ठेवणाऱ्या मुलीच्या फळ्या एकत्र होत नसतात. तीन ठिपके होते ना?

तुझ्या वाक्यात 'मुळे' हा शब्द आहे. तो लवकर आला की मला भीती वाटते. का, ते सांगते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

१९९१ साली मी इथे जवळच्या शाळेत सातवीला शिकवत होते. शनिवारी हात आणि नखं तपासायची पद्धत होती. रखमी नावाची मुलगी होती, हुशार. तिचे हात काळपट, चिकट. मी तिला तीनदा धुवायला पाठवलं. तीनदा ती तसेच हात घेऊन आली. मी वर्गासमोर तिची वही काढून घेतली आणि म्हटलं, असल्या हातांनी कागदाला शिवू नकोस. सोमवारी ती आली नाही. पुन्हा कधीच आली नाही.

दोन महिन्यांनी ती मला आमच्याच वाडीत दिसली, डोक्यावर चिकूची टोपली घेऊन. शाळेच्या आधी पहाटे ती आमच्याकडे चिकू तोडायला यायची. तिच्या हातावर होता तो चिकूचा चीक. तो नुसत्या पाण्याने जात नाही, आधी गोडंतेल चोळावं लागतं. वाडीत लहानाची मोठी झालेल्या मला हे ठाऊक नव्हतं का? होतं. रोज त्याच झाडांखालून मी शाळेत जात होते. माझं निरीक्षण बरोबर होतं, हात काळेच होते. कारण शोधताना मात्र मी आमच्या कुंपणाच्या आत पाहिलं नाही.

अठरा वर्षं जो अंगठा साचे धरतोय, त्याला याच वर्षी तेल का लागलं? तुझ्या पहिल्या पत्राची नक्कल सोबत पाठवतेय. पुन्हा वाच. जुलैबद्दल लिहिलंस तिथे जरा थांब. मग नवशीचे हात बघ. साच्यावरची खूण नको बघूस, हात बघ.

कुसुम


सायवन,
१० नोव्हेंबर

आदरणीय बाई,

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखी मी राहिले नव्हते.

मला माहीत होतं. अहवाल दिला त्या दिवशीच माहीत होतं. एकशे चौऱ्याऐंशीपैकी एकशे एकाहत्तर साचे तीन ठिपक्यांच्या फळ्यांवरचे होते. फळ्यांच्या खुणांचा कागद मी वेगळा काढून वहीत ठेवला आणि अहवालाला जोडला नाही. वाटलं, एवढ्याने मावशी वाचेल आणि मीही खरी राहीन.

तुमचं पत्र यायच्या आदल्या दिवशी भावेशभाईंनी सहाही जणींना ओळीत उभं केलं, हात पुढे करायला लावले आणि एकेकीच्या हाताचा वास घेतला. मावशीच्या हाताला मोहाच्या बियांच्या तेलाचा वास होता. तिला म्हणाले, "नवशीबेन, तू थोडे दिवस घरी बस. बोलावतो." बोलावतो म्हणजे काय, ते कारखान्यात सगळ्यांना कळतं. मी लॅबच्या दारात उभी होते. मावशीने माझ्याकडे पाहिलं नाही. खोलीवर गेले तर किल्ली शेजारी ठेवलेली, डाळ शिजवून झाकलेली, आणि ती गेलेली.

दिवाळीलाही मी तोंड लपवलं. आज रविवार, म्हणून आले. ती खळ्यावर भात झोडत होती. मला पाहून थांबली नाही.

"ये मॅडम," म्हणाली. "हात बघायला आलीस की वास घ्यायला?"

बघायला आले, म्हटलं. तिने पेंढी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. बाई, चार महिने मी त्या हातचं जेवले. बोटांच्या पेरांवर भेगा आहेत, अंगठ्याजवळ तर आतलं लाल दिसतं. आता भरत आलंय असं ती म्हणते. म्हणजे आधी कसं असेल?

"कधीपासून?"

"आषाढापासून. पाणी बदललं ना."

"हातमोजे होते की."

"महिन्याला एक जोडी. आठ दिवसांत बोट बाहेर. आत पाणी शिरलं की तिथेच बसतं आणि जास्त जाळतं. त्यापेक्षा उघडा हात बरा."

"मग मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तू नवीन. तुझी पहिलीच गोष्ट मालकाने ऐकली. बोंबील खाताना किती बोललीस ते आठवतं का? दुसऱ्या दिवशी मी म्हणायचं, पोरी, तुझ्या पाण्याने हात जळतात? एवढी शिकून आली आणि पहिलंच काम चुकलं, असं झालं असतं."

कडक टाकीचं काम तिने आपल्याकडेच घेतलं होतं. बाकीच्या पाच जणी साध्या पाण्याच्या टाकीवर. फळीवर साचे बसवायला मात्र तीही, आणि सगळ्यांत जास्त तीच. हाताला झोंबतं असं त्या बोलल्या असत्या, ही बोलणार नव्हती. भेगा सोसवेनात तेव्हा तिने घरच्या मोहाच्या बियांचं तेल आणलं आणि कामावर येताना चोळायला लागली. ते तेल तुपासारखं थिजतं, थंड पाण्याने जात नाही. हे सगळं सांगून ती हसली आणि म्हणाली, "माझ्या हातावर पण पाणी ठरत नव्हतं गं. तुझ्या त्या आळूच्या पानासारखं पळायचं."

म्हणजे तेल मावशीचं, भेगा माझ्या. माझ्या अहवालातलं प्रत्येक वाक्य खरं आहे आणि तरी तो अहवाल खोटा आहे.

आता काय करू? दुसरा अहवाल लिहिला तर त्यात माझं नाव येतं. पुढच्या महिन्यात मला कायम करणार आहेत. आईने पाड्यावर घरोघरी सांगून टाकलंय. बाबा पहिल्यांदा कोणाला तरी माझ्या नावाने ओळख करून देतात, "शितलचा बाप" म्हणून. मावशी स्वतः म्हणते की लिहू नकोस, मला कुठेही काम मिळेल, तुला दुसरं कुठे मिळणार? तुम्ही सांगाल तसं करीन.

शितल


झाई,
१५ नोव्हेंबर

शितल,

मी सांगणार नाही. तू माझं ऐकून लिहिलंस तर ते माझं होईल, आणि माझं ऐकून गप्प बसलीस तर तेही माझ्यावर टाकशील.

नवशीला आधी डॉक्टरकडे ने. मोहाच्या तेलाने एवढ्या भेगा भरत नाहीत.

आणि एवढंच माहीत असू दे. रखमी का येत नाही हे मला कळल्यावर मी मुख्याध्यापकांना काही लिहिलं नाही, तिच्या घरीही गेले नाही. मला कोणी विचारलं नाही. तेहतीस वर्षं झाली, अजून कोणी विचारत नाही.

कुसुम


डहाणू,
८ डिसेंबर

आदरणीय बाई,

मावशीला तलासरीला डॉक्टरांकडे नेलं. मलम दिलंय, हात बरेच भरले.

मग मी लॅबमध्ये दोन बादल्या मांडल्या. एकीत जुलैपासूनचं कडक पाणी. दुसरीत जुनंच सौम्य पाणी, पण कोमट, आणि साचे त्यात अर्धा तास भिजत ठेवले. दोन्हीकडचे साचे चिमट्याने काढून तुमच्या पद्धतीने बुडवले. चादर दोन्हींवर सारखीच अखंड. ज्या सुधारणेमुळे मावशीचे हात गेले, तिची गरजच नव्हती. अर्धा तास थांबायची गरज होती. हे मी जुलैत करून बघायला हवं होतं. पुस्तकातलं बरोबर होतं म्हणून मी साच्याला विचारलंच नाही.

दुसरा अहवाल एकच पान झाला. सौम्य कोमट पाणी, साचे बुडवायला जाळीची टोपली, म्हणजे हात टाकीत जाणार नाही, कोपरापर्यंतचे मोजे, फाटले की लगेच दुसरे. वहीतला फळ्यांच्या खुणांचा कागद या वेळी जोडला. आणि शेवटी कारण: 'जुलैमध्ये धुण्याच्या पाण्यातील कॉस्टिकचे प्रमाण दुप्पट केले. त्यामुळे कामगाराच्या हातांना भेगा पडल्या, भेगांसाठी तेल वापरले गेले. हा बदल पुरेशा चाचणीशिवाय सुचवणारी व्यक्ती: शितल.'

भावेशभाईंनी चहा बशीत ओतून ठेवला होता. वाचता वाचता त्यावर साय धरली.

"बेन, ही शेवटची ओळ काढून टाक," ते म्हणाले. "बाकी सगळं मी करतो. टोपली करतो, मोजे आणतो. ही ओळ कशाला? स्वतःच्या विरुद्ध कोण लिहितं?"

"ती काढली तर भोकं मावशीमुळे पडली असं राहील."

"कोणाला माहीत पडणार आहे?"

"त्यांना पडेल," मी म्हटलं आणि खिडकीतून धुण्याच्या टाकीकडे दाखवलं. पाचही जणी हात थांबवून आमच्याकडेच बघत होत्या. भावेशभाईंनीही पाहिलं. मग चहा तसाच बाजूला सारला.

"नवशीबेनला उद्यापासून बोलाव. तुला आत्ता कायम नाही करत. चुकलीस म्हणून नाही. मी पण विचार न करता हो म्हटलं होतं. पण तू अहवाल दिलास तेव्हा खुणांचा कागद तुझ्या वहीत होता, ते मला आवडलं नाही. सहा महिने अजून बघू."

बाई, मला वाईट वाटलं, पण त्यांचं बोलणं चूक वाटलं नाही.

परत यायला मावशीने दोन अटी घातल्या. हाताचा वास पुन्हा कोणी घ्यायचा नाही. आणि टाकीत काहीही बदलायचं असेल तर आधी धुणाऱ्या बायकांना विचारायचं. पहिली ऐकून भावेशभाई खाली बघत हो म्हणाले. दुसरी मी अहवालाखाली लिहिली आणि सहा जणींच्या सह्यांसाठी जागा सोडली. मावशीला नाव लिहिता येतं, मीच शिकवलंय. तिने पेन हातात घेतलं, जरा विचार केला आणि तीन ठिपके काढले. म्हणाली, "ज्या खुणेवर आळ आला त्याच खुणेने आत घ्या."

आईला फोन केला. कायम झालीस का, हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं. ती म्हणाली, अगं, मी सगळीकडे सांगितलंय. मी म्हटलं, आता सांग की अजून शिकतेय.  तिने विचारलं, नवशी जेवली का?

सोबत एक फुगा पाठवतेय. मावशीच्या फळीवरचा, या आठवड्यातला. फुगवून बघा. तपासून पाठवलाय, तरी तुम्ही तपासा.

शितल


झाई,
२० डिसेंबर

शितल,

फुगा मिळाला. फुगवताना माझा दम गेला, पण फुगला. टेबलाच्या पायाला बांधून ठेवला आणि तीन दिवस येता-जाता दाबून पाहिला. मऊ पडला नाही. नवशीला सांग.

चौथ्या दिवशी कपाटातून यंत्र काढलं, कानात घातलं आणि फुगा घेऊन रखमीकडे गेले. ती आमच्या वाडीच्या मागे, रस्त्यापलीकडे राहते. चालत दहा मिनिटं लागतात.

तिने मला लगेच ओळखलं. खाट ओढली, बसा म्हणाली आणि समोर बसून सूप घेऊन तांदूळ निवडायला लागली. जे सांगायचं होतं ते मी सांगितलं. वाक्यं घरून जुळवून नेली होती, तिथे एकही नीट आलं नाही. ती निवडत राहिली. मला वाटलं, आता उठावं.

मग सूप न थांबवता ती म्हणाली, "बाई, माझी वही होती. निळ्या पुठ्ठ्याची. ती कुठे गेली?"

मला माहीत नाही, असं सांगावं लागलं.

तिची नात सात वर्षांची आहे. फुगा तिच्याकडे दिला. उद्या पुन्हा जाणार आहे, निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली तर घेऊन. ती घेईलच असं नाही.

यंत्र अजून कानात आहे. पंखा, भांडी, पुतण्या, सगळं ऐकू येतंय. पण रखमी फार हळू बोलते. यंत्र नसतं तर तिने काही विचारलं, हेही मला कळलं नसतं.

कुसुम